घातांक म्हणजे स्थानाचा नंबर: दशमान पद्धत नव्याने समजून घेणाऱ्यांसाठी

शाळेत एकक, दशक, शतक आधी येतात. घातांक त्यानंतर काही वर्षांनी येतात, वेगळ्या धड्यात आणि वेगळ्या नियमांसह. तोवर एकक-दशक इतकं अंगवळणी पडलेलं असतं की या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. गणित सुटून बारा वर्षं झाल्यावर सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला लागले आणि एका नमुन्यातल्या जिवाणूंची संख्या शंभर पटींनी कमी लिहून बसले. प्लेटवरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीतल्या, ४२ वसाहती (जिवाणू वाढून झालेले ठिपके) मी अचूक मोजल्या होत्या, गुणाकारही बरोबर होता. चूक होती दहाच्या डोक्यावरच्या त्या लहानशा अंकात.

त्यानंतर मी सगळं पहिल्यापासून शिकले, तेही ज्या क्रमानं समजलं त्या क्रमानं. तोच क्रम इथे देते आहे. तुम्ही मुलांना शिकवत असाल, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल किंवा माझ्यासारखं कामासाठी गणिताकडे परत वळला असाल, तर पायऱ्या गाळू नका. चौथी पायरी तर अजिबात नको.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. कागदावर घातांक पायाच्या उजव्या खांद्यावर लहान अक्षरात लिहितात. इथे टंकताना मी १०^३ असं लिहिलं आहे. ते ‘दहाचा तिसरा घात’ असं वाचा: १० हा पाया, ३ हा घातांक.

काय लागेल

- चौकटीची वही
- पेन्सिल, खोडरबर आणि दोन रंगांची पेनं
- वहीच्या चौकटींइतक्याच रुंद घरांची कागदाची एक सुटी पट्टी
- सायंटिफिक कॅल्क्युलेटर, पण तो आठव्या पायरीपर्यंत बाजूला ठेवा

१. घरांची ओळ आखा

वही आडवी धरा आणि एका ओळीत अकरा घरं आखा. डावीकडून उजवीकडे नावं लिहा: कोटी, दशलक्ष, लक्ष, दशहजार, हजार, शतक, दशक, एकक, दशांश, शतांश, सहस्रांश. नावांच्या वर एक ओळ रिकामी ठेवा आणि खाली दोन.

दशांश चिन्हाला वेगळं घर देऊ नका. एकक आणि दशांश यांच्या मधल्या रेषेवर एक ठळक टिंब द्या, तेवढं पुरे. टिंब हे स्थान नाही, एककाचं घर कुठे संपलं याची ती खूण आहे. टिंबाला घर दिलं की पुढची सगळी मोजणी एका घरानं घसरते. ही चूक मी पहिल्याच दिवशी केली होती.

२. एककावर शून्य लिहा

आता वरच्या रिकाम्या ओळीत घातांक भरायचे. शतक म्हणजे १० × १०, दोन दहा, म्हणून शतकावर २. हजारात तीन दहा, म्हणून ३. दशकात एकच दहा, म्हणून १. मग एककात किती दहा आहेत? एकही नाही. म्हणून एककावर ०.

इथे जवळजवळ प्रत्येकजण अडतो: ‘दहा शून्य वेळा घेतले तर उत्तर शून्य यायला हवं, १०^० म्हणजे १ कसं?’ ओळीवर बोट ठेवून हजारापासून उजवीकडे चालत या. १०००, १००, १०, १. दर पावलाला किंमत दहानं भागली जाते आणि घातांक एकानं उतरतो: ३, २, १, ०. एककाच्या घरात पोचलात की किंमत १ आणि घातांक ०. दुसरी कुठलीही किंमत घेतली तर ही उतरण मध्येच तुटते. दुसऱ्या बाजूनं बघायचं तर बेरजेची सुरुवात ० पासून होते आणि गुणाकाराची १ पासून. काहीच मिळवलं नाही तर ० राहतो, कशानंही गुणलं नाही तर १ राहतो.

खड्डा: एकक हे ‘पहिलं स्थान’ म्हणून त्यावर १ लिहिणं. मोजताना ते पहिलं असलं तरी त्याचा घातांक शून्यच आहे. म्हणूनच पूर्ण संख्येत जितके अंक असतात त्यापेक्षा सगळ्यात डावीकडच्या अंकाचा घातांक एकानं कमी असतो. आठ अंकी संख्या कोटीत जाते आणि कोटी म्हणजे १०^७.

हा एकाचा फरक जुन्या संख्यानावांतही दिसतो. एका स्थानापासून पुढचं स्थान दहापट, ही गोष्ट आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्येच नेमकी सांगून ठेवली आहे. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं येतात, प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. अठरावं नाव परार्ध, आणि परार्ध म्हणजे १०^१७.

३. संख्या घरात बसवा आणि उलगडा

४०,७०,३०६ ही संख्या घ्या: चाळीस लाख सत्तर हजार तीनशे सहा. सहा एककाच्या घरात ठेवा आणि डावीकडे भरत जा. आता प्रत्येक अंकाच्या डोक्यावरचा घातांक वाचून विस्तारित मांडणी करा:

४ × १०^६ + ७ × १०^४ + ३ × १०^२ + ६ × १०^०

इथल्या ७ ची दर्शनी किंमत ७ आहे आणि स्थानिक किंमत ७०,०००. घर बदललं की स्थानिक किंमत बदलते, दर्शनी तीच राहते. मांडणीत ५, ३ आणि १ हे घातांक आले नाहीत, कारण त्या घरांत शून्य आहे.

शून्याचं मोल खरं कळतं ते उलट्या प्रवासात. ५ × १०^४ + २ × १०^१ ही कोणती संख्या? घाईत ५२ किंवा ५२० लिहिणारे मी पाहिले आहेत. घरं भरा: दशहजारात ५, दशकात २, बाकीच्या तीन घरांत शून्य. उत्तर ५०,०२०. रिकामं घर दिसलं की शून्य लिहायचंच.

आता मोठ्या संख्यांची नावं. हजार ३, लाख ५, कोटी ७, अब्ज ९. हजारानंतर आपलं नेहमीचं नाव दोन-दोन घरांनी बदलतं, म्हणून स्वल्पविरामही दोन अंकांनी पडतो. मिलियन ६, बिलियन ९, ट्रिलियन १२ इथे उडी तीनची असते. त्यामुळे मिलियन म्हणजे दशलक्ष आणि बिलियन म्हणजे अब्ज. ‘एक लाख कोटी’ ऐकलं की ५ आणि ७ मिळवा. १२ आले, म्हणजे एक ट्रिलियन. बातम्या वाचताना मला या एका युक्तीचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचा होत नाही.

४. टिंबाच्या उजवीकडे जा

ही पायरी सावकाश करा. एककावर ० आहे. तिथून उजवीकडे आणखी एक पाऊल टाकलं की किंमत पुन्हा दहानं भागली जाणार आणि घातांक एकानं उतरणार. शून्यातून एक गेला, वजा एक. म्हणून दशांशावर −१, शतांशावर −२, सहस्रांशावर −३. म्हणजे १०^−१ = १/१० = ०.१. ऋण घातांक म्हणजे नवा नियम नाही. दुसऱ्या पायरीवर आपण जी उतरण धरली होती तीच पुढे चालू राहिली.

आता नावांच्या जोड्या लावा. दशक आणि दशांश. शतक आणि शतांश. हजार आणि सहस्रांश. एका वस्तूची आरशात प्रतिमा पडावी तशा या जोड्या आहेत. मग आरसा कुठे उभा आहे?

मला कुणी विचारलं असतं तर मी ‘टिंबावर’ म्हणाले असते. पण टिंबावर आरसा धरला तर एककाच्या समोर दशांश येतो, दशकासमोर शतांश येतो, आणि एकही जोडी जुळत नाही. मग माणूस ‘एकांश’ नावाचं घर शोधत बसतो. ते नाहीच. आरसा एककाच्या घरावर आहे. एकक स्वतःचीच प्रतिमा आहे, म्हणून त्याला जोडी नाही. वरचे घातांक वाचा: ३, २, १, ०, −१, −२, −३. मधोमध शून्य आहे, आणि ते एककाच्या डोक्यावर आहे. दुसऱ्या रंगाच्या पेनानं एककाचं घर रंगवून टाका. टिंब त्या घराच्या उजव्या कडेला चिकटलेलं आहे, मध्यभागी नाही, हे डोळ्यांना सारखं दिसत राहायला हवं.

१५८५ साली सायमन स्टेव्हिन या गणितज्ञानं दशांश अपूर्णांकांवर छोटी पुस्तिका काढली तेव्हा तो टिंब वापरत नव्हता. एककाच्या भागापुढे वर्तुळात ०, दशांशाच्या अंकापुढे वर्तुळात १, शतांशाच्या अंकापुढे वर्तुळात २ असं तो लिहायचा. वजा चिन्ह सोडलं तर आपण वरच्या ओळीत लिहिलेले हेच आकडे. ही पद्धत पाहिल्यावर माझ्या मनातला टिंबाचा गोंधळ पूर्ण गेला.

या भागात तीन खड्डे आहेत.

वाचण्याचा खड्डा. ०.२५ ला आपण सर्रास ‘पॉइंट पंचवीस’ म्हणतो. मग ०.२५ मोठा की ०.३, असं विचारलं की ‘पंचवीस तिनापेक्षा मोठे’ म्हणून उत्तर चुकतं. घरांत मांडून बघा: ०.३ मध्ये दशांशाच्या घरात ३ आहे, ०.२५ मध्ये २. निकाल तिथेच लागतो. टिंबानंतरचे अंक सुटे वाचायची सवय लावा: ‘शून्य पॉइंट दोन पाच’. मुलांशी बोलताना तर हे कटाक्षानं पाळा.

वजा चिन्हाचा खड्डा. १०^−३ ही ऋण संख्या नाही. ती ०.००१ आहे, लहान आहे, पण शून्यापेक्षा मोठीच आहे. घातांकातलं वजा चिन्ह फक्त एवढंच सांगतं की घर एककाच्या उजवीकडे आहे.

शून्यं मोजण्याचा खड्डा. १०^३ मध्ये एकापुढे तीन शून्यं, म्हणून १०^−३ मध्ये टिंबानंतर तीन शून्यं असतील असं वाटतं. टिंबानंतर दोनच आहेत. एक हा अंक तिसऱ्या घरात आहे. शून्यं मोजू नका, पहिला शून्येतर अंक टिंबानंतर कितव्या घरात आहे ते मोजा.

५. पट्टी सरकवा

सुट्या पट्टीवर २ आणि ५ शेजारच्या घरांत लिहा आणि पट्टी अशी ठेवा की २ एककात येईल, ५ दशांशात. ही झाली २.५. दहानं गुणायचं तर पट्टी एक घर डावीकडे सरकवा: २५. शंभरानं गुणायचं तर दोन घरं: २५०, एककाचं घर रिकामं पडलं म्हणून तिथे शून्य. दहानं भागायचं तर उजवीकडे.

‘दहानं गुणलं की शून्य लावायचं’ हे वाक्य विसरून जा. २.५ ला शून्य लावलं तर २.५० होतं, किंमत तसूभरही बदलत नाही. सरकतात ते अंक. टिंब जागचं हलत नाही.

६. गुणाकार-भागाकाराचे नियम

पाठ करण्याआधी नावांनी बोलून बघा. शंभर हजार म्हणजे किती? एक लाख. १०^२ × १०^३ = १०^५. पट्टी आधी दोन घरं सरकली, मग तीन, एकूण पाच. म्हणून गुणाकारात घातांकांची बेरीज आणि भागाकारात वजाबाकी.

(१०^३)^२ म्हणजे हजार × हजार, दशलक्ष, १०^६. इथे ३ आणि २ चा गुणाकार होतो.

बेरजेला मात्र हे काहीच लागू नाही. १०^२ + १०^३ म्हणजे १०० + १००० = ११००. ते १०^५ लिहिणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

ऋण घातांकानं भागणं अवघड वाटतं, म्हणून त्याला एक उदाहरण देते. १०^२ ÷ १०^−३ म्हणजे शंभरात सहस्रांश किती बसतात? एकात हजार बसतात, तर शंभरात लाख. १०^५. नियमानं करा: २ − (−३) = ५. जुळलं. लहान तुकड्यानं भागलं की उत्तर मोठं येणारच, ही खूणगाठ बांधून ठेवा. माझी चूक नेमकी इथेच झाली होती.

७. प्रमाणरूप लिहायला शिका

संख्या फार मोठी किंवा फार लहान असेल तर ती दोन भागांत लिहितात: १ किंवा त्याहून मोठा पण १० पेक्षा लहान असा एक भाग, गुणिले दहाचा घात. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. पहिला अंक २, त्याचं घर १०^८, म्हणून २.९९७९२४५८ × १०^८. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान साधारण ९.१०९ × १०^−३१ किलोग्रॅम. हेच सरळ लिहायचं तर टिंबानंतर तीस शून्यं लिहून मग ९१०९ लिहावे लागतील, आणि ती तीसच आहेत हे वाचणाऱ्याला मोजावं लागेल.

रूपांतर करताना दशांश चिन्ह कुठल्या बाजूला न्यायचं हे पाठ करू नका. पहिला शून्येतर अंक कुठल्या घरात आहे ते बघा. त्या घराच्या डोक्यावर जो आकडा आहे तोच घातांक.

तुलना करताना आधी घातांक बघायचा. २ × १०^९ हे ९ × १०^८ पेक्षा मोठं आहे, पुढे ९ दिसला तरी. बेरीज करताना घातांक सारखे करून घ्यायचे: ३ × १०^५ + ४ × १०^४ = ३ × १०^५ + ०.४ × १०^५ = ३.४ × १०^५. आणि ४२ × १०^६ ही किंमत बरोबर असली तरी प्रमाणरूप नाही. ४२ चा ४.२ केला, पुढचा भाग दहापट लहान झाला, म्हणून घातांक एकानं वाढवायचा: ४.२ × १०^७.

८. आता कॅल्क्युलेटर काढा

- काही कॅल्क्युलेटरांवर आणि संगणकावर उत्तर ४.२ई७ असं दिसतं. तो ‘ई’ म्हणजे ‘गुणिले दहाचा घात’. म्हणजे हे उत्तर ४.२ × १०^७ आहे, ४.२ चा सातवा घात नव्हे. कागदावर उतरवताना × १० लिहायचं विसरू नका.
- ‘ईएक्सपी’ किंवा ‘ईई’ या बटणात ‘गुणिले दहाचा घात’ आधीच आहे. १०^५ लिहायचं तर १ दाबा, ते बटण दाबा, मग ५. सवयीनं १० दाबून ते बटण दाबलंत तर १० × १०^५ होतं आणि उत्तर दहापट फुगतं.
- ऋण घातांकासाठी बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरांवर वजाबाकीपेक्षा वेगळं, चिन्ह बदलण्याचं बटण असतं. ते वापरा.
- एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये १५ पेक्षा जास्त अंकांची संख्या टाकली की पंधराव्या अंकानंतर शून्यं होतात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. सोळा अंकी क्रमांक टाकायचा असेल तर रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि मगच टंका.

९. एक खरं उदाहरण शेवटपर्यंत करून बघा

माझं चुकलेलं गणितच घेऊ. नमुन्यात जिवाणू इतके दाट असतात की थेट मोजता येत नाहीत. म्हणून पाच परीक्षानळ्या मांडतात, प्रत्येकीत ९ मिलिलिटर निर्जंतुक पाणी. पहिलीत १ मिलिलिटर नमुना घालून नीट हलवायचा. एकूण १० मिलिलिटर झाले, त्यात नमुना एक दशांश. पहिली नळी १०^−१. तिच्यातला १ मिलिलिटर दुसरीत: १०^−२. असं करत पाचवी नळी १०^−५. नळ्यांची रांग म्हणजे टिंबाच्या उजवीकडची घरंच आहेत, काचेत उभी केलेली.

पाचव्या नळीतलं ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरलं. वसाहती वाढल्या ४२. प्रत्येक वसाहत एकेका जिवाणूपासून वाढली असं धरून, मूळ नमुन्याच्या १ मिलिलिटरमध्ये जिवाणू किती?

मी काय केलं होतं? पाचवी नळी म्हणून ४२ ला १०^५ नं गुणलं आणि ०.१ आहे म्हणून घातांकातून एक कमी केला: ४२ × १०^४, म्हणजे ४.२ × १०^५.

आता ओळीसमोर ठेवून करा. प्लेटवर मूळ नमुना किती गेला? ०.१ म्हणजे १०^−१, त्याला १०^−५ नं गुणलं: १०^−६ मिलिलिटर. एवढ्याशा थेंबांशात ४२ आहेत. पूर्ण मिलिलिटरसाठी ४२ ÷ १०^−६ = ४२ × १०^६ = ४.२ × १०^७. चार कोटी वीस लाख. मी लिहिले होते चार लाख वीस हजार.

०.१ मुळे प्लेटवर नमुना आणखी कमी गेला होता. कमी नमुन्यात तेवढेच ४२ सापडले, म्हणजे मूळ संख्या वाढायला हवी होती, आणि मी ती घटवली होती. आता प्लेटच्या तळाला मार्करनं मी नळीचा −५ लिहीत नाही. ०.१ धरून आलेला −६ लिहिते, आणि मगच प्लेट उबवायला ठेवते.